कपाटातला आवाज

२ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.४०

स्वातंत्र्याचा पहिला दिवस. उशिरा उठलो, पण आपल्या मर्जीने उशिरा उठलो. हा फरक नोकरदार माणसाला कळायचा नाही.

ही रोजनिशी कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी अक्षर नीट काढतोय. पुढे आत्मचरित्राला कामी येईल.

नोंद असावी म्हणून: इन्शुरन्स कंपनीच्या ग्राहकसेवा विभागात दिवसभर फोन उचलण्याचं काम मी शुक्रवारी सोडलं. कारण एक आजीबाई. त्यांनी फोनवर मला चांगलंच फैलावर घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "काम तर तुम्ही काहीच केलं नाहीत, पण आवाज छान आहे हो तुमचा." तिथेच डोक्यात उजेड पडला. असला आवाज परक्यांची बोलणी खाण्यात का घालवायचा? यापुढे मी फ्रीलान्सर. जाहिराती, माहितीपट, ऑडिओबुक, जे येईल ते.

साहेब दिलदार निघाले. राजीनामा घेतला नाही, सहा महिन्यांची बिनपगारी रजा दिली. म्हणाले, तीस जूनपर्यंत खुर्ची तुमची, त्याआधी मला एक फोन करा की झालं. मी तिथल्या तिथे मनातून खुर्चीचा निरोप घेतला.

हीसुद्धा समजूतदारपणे वागली. ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. घर चालायला हवं म्हणून तिने रविवारचीही ड्यूटी मागून घेतली आहे. अट एकच: सहा महिने म्हणजे सहाच महिने, जुलैपासून रविवार तिचा. मी म्हटलं, जुलै कशाला, मार्चमध्येच तुझा रविवार परत आणून देतो. ती हसली नाही, पण रागावलीही नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. गरम पाणी. मग स्वरसाधना. रोज दहा कंपन्यांना आवाजाचे नमुने पाठवणे. दुपारची झोप बंद.

३ जानेवारी

पाचचा गजर हिने ऐकला, कन्येने ऐकला, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनी ऐकला. मी ऐकला नाही. गाढ झोपेत घशाला खरी विश्रांती मिळते.

स्टुडिओचा प्रश्न मात्र सुटला. बेडरूममधलं मोठं कपाट! टांगलेले कपडे आवाजाचा घुमारा शोषून घेतात, असं व्हिडिओत दाखवतात. खालचा कप्पा उचकटून काढला, हिचे कोट एका अंगाला सरकवले, बुटांच्या खोक्यावर उशी टाकून आत बसलो आणि दार ओढून घेतलं. काय शांतता! डांबरगोळ्यांचा वास नाकात जातो, पण कलेसाठी एवढं सोसायला हवं. बाहेर काढलेल्या कपड्यांचा ढीग पलंगावर आहे. तो ही बघेल.

४ जानेवारी

ढीग हिने बघितला.

७ जानेवारी

व्हिजिटिंग कार्डं छापून आली. जाड कागद, सोनेरी कड. नावाखाली ‘आवाज-कलावंत, निवेदक, स्वर-सल्लागार’. कन्येने विचारलं, सल्ला कुणाला देणार? म्हटलं, मागेल त्याला. मग कार्डं पुष्कळ दिवस पुरतील, म्हणाली. कॉलेजात गेल्यापासून तिला शिंगं फुटली आहेत.

१० जानेवारी

आज पहिला नमुना रेकॉर्ड केला. विषय: समुद्राची खोली. सुरुवात अशी लागली होती की माझ्याच अंगावर काटा आला. नंतर ऐकलं तर मागे स्वच्छ ‘काय?’ असा आवाज.

तो सासरेबुवांचा. हिचे वडील आमच्याकडेच असतात, हॉलमध्ये टीव्हीसमोर. त्यांचे कान कामातून गेलेत, आणि मशीन लावायचं नाव काढलं तरी चिडतात. गंमत म्हणजे टीव्हीवर बातम्या देणारा त्यांना ऐकू येतो, मीच येत नाही. मी काही बोललो की "काय?" आणि नाही बोललो तरी मधून मधून "काय?" मी कपाटात समुद्राच्या खोलीबद्दल बोलत होतो, त्यांना वाटलं मी त्यांनाच काही विचारतोय.

नमुना तसाच पाठवून दिला. ऐकणाऱ्याला त्यात नाट्य वाटेल.

२४ जानेवारी

अजून उत्तर नाही. कुणाचंच. मोठ्या कंपन्यांना निर्णयाला वेळ लागतो.

दरम्यान घरात एक गैरसमज पसरला आहे की घरी असणारा माणूस रिकामा असतो. आज प्लंबर येणार म्हणून मी थांबायचं, सासरेबुवांना बँकेत मी न्यायचं, कन्येची विसरलेली फाइल कॉलेजात मी पोचवायची. हिला स्पष्ट सांगितलं की फ्रीलान्सरचा वेळ हेच त्याचं भांडवल. ती म्हणाली, मग थोडं भांडवल भांड्यांवर खर्च करा. गार पाण्यात हात घातला की माझा घसा बसतो, हे मी तिला समजावून सांगितलं. लॅबमधल्या माणसाला शरीरशास्त्र समजावून सांगायचं म्हणजे नाकी नऊ येतात.

भांडी घासली. गरम पाण्याने.

८ फेब्रुवारी

पहिलं काम मिळालं! ही तारीख लक्षात ठेवायची.

दोन गल्ल्या सोडून, चपलांच्या दुकानाच्या वर एक रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. त्याचा मालक बारका, नाकात बोलणारा, सतत घाईत. मी त्याला स्टुडिओवाला म्हणतो. कंपन्यांकडून कामं घेतो आणि माझ्यासारख्या कलावंतांना वाटतो. कार्ड दिलं तर त्याने त्याच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. पण काम दिलं. ट्रक मागे घेताना जे वाजतं ते. ‘सावधान, गाडी मागे येत आहे.’

कुणाला हे साधं वाक्य वाटेल. मी त्यात दोन दिवस घालणार आहे. मागे येण्यात एक वेदना असते.

१० फेब्रुवारी

कपाटात बसून ते वाक्य बत्तीस प्रकारे म्हटलं. शेवटच्या खेपेला माझेच डोळे भरून आले (डांबरगोळ्यांचाही थोडा वाटा असेल). स्टुडिओवाल्याने ऐकलं आणि म्हणाला, "दादा, ट्रक मागे येतोय. कुणी गेलेलं नाहीये."

काम दुसऱ्याला दिलं. हरकत नाही. ट्रकचा श्रोता माझा श्रोता नव्हे.

२७ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावर सुतारकाम सुरू झालं आहे. सकाळपासून ठाक ठाक. म्हणून सकाळी रेकॉर्डिंग बंद. दुपारी सुतार जेवतो, पण दुपारी माझं मौन असतं. मौन डोळे मिटून पाळावं लागतं. आज मौन पाळताना हिने पाहिलं आणि म्हणाली, मौनात घोरता तुम्ही.

मार्च उद्यावर... परवावर आला. रविवारचा विषय हिने काढला नाही. मीही कानाडोळा केला.

११ मार्च

शेजारटेबल भेटायला आला होता. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसून तोही फोन उचलायचा, म्हणून हे नाव. बिचारा. खांदे पडलेले, कान हेडफोनने लाल. साहेब विचारतात हो तुमच्याबद्दल, म्हणाला. विचारणारच.

आणि एक बातमी. वरच्या लोकांच्या डोक्यात फोन उचलायचं यंत्र आणायचं घोळतंय. नुसती बटणं दाबायची, माणूस नकोच. शेजारटेबलाचा चेहरा अगदी उतरला होता. मी धीर दिला. म्हटलं, यंत्राला माणसाची ऊब कुठून येणार? आजीबाई यंत्राला कधी म्हणतील का, आवाज छान आहे तुझा? त्याला पटलं. जाताना त्याला एक कार्ड दिलं.

तो गेल्यावर मला खरंच बरं वाटलं. मी वेळेवर बाहेर पडलो.

३ एप्रिल

आज जे झालं ते सविस्तर लिहायला हवं. मोठं काम! स्टुडिओवाल्याने स्वतःहून फोन केला. एका फार प्रतिष्ठित कंपनीला त्यांच्या फोनसाठी आवाज हवा आहे. लोक फोन करतील तेव्हा तो आवाज त्यांचं स्वागत करणार, त्यांना वाट दाखवणार, त्यांची समजूत घालणार. म्हणजे जवळजवळ देवमाणसाचं काम. कंपनीचं नाव गुप्त आहे. मजकुरात त्या जागी रेघ मारलेली आहे, ते नाव स्टुडिओवाला नंतर जोडणार.

त्या कंपनीला म्हणे रडका, आर्जवी आवाज हवा होता. स्टुडिओवाल्याला लगेच मी आठवलो. आर्जवी हा शब्द मला आवडला.

मजकूर वाचला. ‘हप्त्याच्या चौकशीसाठी एक दाबा. दाव्याच्या चौकशीसाठी दोन दाबा.’ कुठेतरी ओळखीचा वाटला. चांगलं लिखाण नेहमीच ओळखीचं वाटतं. बहुधा बँक असावी.

५ एप्रिल

मजकुरात सुधारणा सुचवल्या. (कार्डावर स्वर-सल्लागार उगाच छापलेलं नाही.)

एक, ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ यानंतर मोठा विराम हवा. ऐकणाऱ्याला आपलं महत्त्व अंगात मुरू द्यायला पाहिजे. दोन, ‘कार्यालयीन वेळेत फोन करा’ हे फार कोरडं आहे. त्याऐवजी ‘आम्ही चोवीस तास, सातही दिवस आपल्यासोबत आहोत’. तीन, आणि सगळ्यांत महत्त्वाची. शेवटी ‘आमच्या प्रतिनिधीशी बोलण्यासाठी नऊ दाबा’ असं एक वाक्य होतं. त्याने सगळ्या भावनेचा विचका होतो. इतक्या जिव्हाळ्याने मी बोलल्यावर माणसाला दुसऱ्या कुणाशी बोलावंसं का वाटावं? ते वाक्य काढून टाका म्हटलं.

स्टुडिओवाला आधी कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. मग म्हणाला, विचारून बघतो.

६ एप्रिल

तिन्ही सूचना मंजूर! तिसरी ऐकून तर कंपनीवाले एकदम खूश झाले म्हणे. त्यांच्याही मनात तेच होतं, फक्त बोलायला जीभ रेटत नव्हती.

हिला सांगितलं. ती बूट काढत होती. छान, म्हणाली, आणि बूट काढून तशीच पाच मिनिटं बसून राहिली.

१२ एप्रिल. दुपारी

प्रत्यक्ष रेकॉर्डिंग. सुतार जेवायला गेला, तेवढ्यात कपाटात शिरलो. फोन वाजू नये म्हणून बाहेर ठेवला. बाकी सगळं झकास झालं. एकच वाक्य काही केल्या लागेना: ‘आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा.’ शब्द होते, पण आत जीव नव्हता.

मग बाहेर पडावं म्हटलं तर दार उघडेना. बाहेरची कडी आपोआप पडली होती. हाका मारल्या. हॉलमधून उत्तर आलं, "काय?" म्हटलं, बाबा, मी कपाटात अडकलोय. "काय?" म्हटलं, कडी काढा. त्यावर टीव्हीचा आवाज वाढला. त्यांना वाटलं असेल, बातम्यांतच कुणी ओरडतंय.

उकाडा. कोटांची लोकर तोंडात जात होती. कन्या कॉलेजातून येईपर्यंत काही सुटका नव्हती. आणि मग लक्षात आलं की रेकॉर्डर चालूच आहे. घाम पुसला, डोळे मिटले आणि म्हणालो, आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा. काय लागलं ते वाक्य! त्यात आशा होती, थकवा होता, आणि कुणीतरी येईल असा भाबडा विश्वास होता. मी ते वीस-पंचवीस वेळा म्हटलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

कन्येने दार उघडलं तेव्हा विचारलं, बाबा, तू रडतोयस का? म्हटलं, काम करतोय.

१५ एप्रिल

स्टुडिओवाल्याने ते शेवटचं वाक्य ऐकून हेडफोन काढून ठेवला. एवढंच म्हणाला की असं थांबायला सांगितलं तर माणूस मुकाट थांबेल. मागे बारीकसा ‘काय?’ आहे, तो पुसला जात नाही. मी म्हटलं, राहू दे.

४ मे

मानधन आलं! हिला वचन दिलं होतं की पहिल्या मोठ्या कामातून तिच्या रविवारची सोय करायची. पण नीट विचार केला. एका कामाच्या पैशांत दोन-तीन रविवार मिळतील. तेच धंद्यात घातले तर पुढचे सगळे रविवार. म्हणून नवा मायक्रोफोन घेतला, स्टँडसकट. हिला हे गणित सांगितलं. ती म्हणाली, बरं.

तिचं ‘बरं’ मला कधी कधी नीट कळत नाही.

५ मे

स्टँड कपाटात मावत नाही. तूर्त सासरेबुवा त्यावर टॉवेल वाळत घालतात.

२८ मे, रविवार

आता मागणी वाढेल म्हणून महिनाभर वाट पाहिली. मध्यंतरी एक विचारणा आली, कोंबड्यांच्या खाद्याची जाहिरात. कोंबडा व्हावं लागेल म्हणाले. मी नकार दिला. (खरं म्हणजे मी आरवून दाखवलं, नकार त्यांनी दिला. पण माझ्याही मनात तेच होतं.)

११ जून, रविवार

शेजारटेबल आला. यंत्र आलंच शेवटी. फोनवरची सगळी माणसं उठवली. त्याला तळघरात जुन्या फायली लावायला पाठवलंय. तरी चेहऱ्यावर तुकतुकी! म्हणाला, फायली ओरडत नाहीत. आता ऑफिसात कुणीच फोन उचलत नाही, साहेबांचा फोनसुद्धा यंत्रालाच जोडून टाकलाय. लोक ताटकळतात, कंटाळतात आणि ठेवून देतात. तक्रारी एकदम कमी झाल्या म्हणून साहेबांना बढती मिळाली.

मग म्हणाला, आवाज मात्र फार आर्जवी आहे त्याचा, अगदी तुमच्यासारखा. आम्हाला सगळ्यांना तुमची आठवण येते.

माझ्यासारखा म्हणे! लोकांना कान नसतात हेच खरं. माझी शैली एवढ्यात चोरीला जायला लागली असेल, तर ती मी पावतीच समजतो. पण मनात पाल चुकचुकली. कसली, ते कळलं नाही.

२५ जून, रविवार. संध्याकाळी

आज लिहू की नको असं झालं होतं.

ही ड्यूटीवरून आली, टेबलाशी बसली, पाणी आणतो म्हणून मी आत गेलो आणि बाहेर येईतो ती बसल्या बसल्या झोपली होती. पर्स खांद्याला तशीच. पायात बूट. हातांना त्या लॅबच्या साबणाचा वास. मी खाली बसून तिचे बूट काढले. टाच फुटली होती तिची, मला माहीतच नव्हतं. जाग आली नाही तिला.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. सहा महिन्यांत तिला एकही रविवार मिळाला नाही आणि मी टॉवेल वाळत घालायचं स्टँड आणून ठेवलं. कन्या स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. 

२८ जून

ठरलं. नोकरीवर परत जातो. ही माघार नव्हे. ऑफिसला माझी गरज आहे, यंत्राला कंटाळलेल्या लोकांना कुणीतरी माणूस हवाच आहे, आणि रिकाम्या वेळात फ्रीलान्सिंग चालूच राहील.

हिला सांगितलं की या रविवारी, दोन जुलैला, तू घरी. सोमवारी मी कामावर. तिने माझ्याकडे बघितलं. खरंच? म्हणाली. इतक्या महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर ते बघितलं, त्याला काय म्हणतात ते लिहिता येत नाही. तिने लगेच लॅबमध्ये सांगून टाकलं नाही. म्हणाली, तुम्ही फोन करा, साहेब हो म्हणू देत, मग सांगते. ती फार सावध आहे.

साहेबांपुढे ठेवायच्या अटी: खिडकीजवळची जागा. हेडफोन नवा. दुपारी अर्धा तास मौन.

२९ जून. सकाळी १०

साहेबांना फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर. ही उभी होती, कन्या होती, सासरेबुवा टीव्ही बघत होते.

पलीकडून आवाज आला, "नमस्कार." भारदस्त, किंचित ओला. मनात म्हटलं, हाच तो माझी नक्कल करणारा, आणि नक्कल बरी आहे, पण ‘स्का’वर जोर कमी पडला. मग कंपनीचं नाव आलं, ते नाकातून. एकदम स्टुडिओवाल्याच्या नाकातून. मग पुन्हा तो ओला आवाज, "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मग विराम. लांबलचक विराम. हा विराम मी भांडून मिळवला होता.

तरीही मी हिला म्हणालो, योगायोग असेल.

"आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा." आणि त्यामागून, बारीक, दुरून, ‘काय?’

हॉलमध्ये सासरेबुवांनी टीव्ही बंद केला. हे आमच्या घरात कधी होत नाही. उठून टेबलापाशी आले, फोनकडे कान करून उभे राहिले आणि म्हणाले, "किती स्पष्ट बोलतो हा माणूस. एकूण एक शब्द कळतोय. जावईबापू, याच्याकडून शिका काही."

कन्या म्हणाली, बाबा, माणसाशी बोलायला नऊ दाब. मी दाबला. काही झालं नाही. का होत नाही ते तिला सांगावं लागलं. ऐकून तिने ओठ घट्ट मिटले आणि खोलीत गेली. दार लावल्यावर हसण्याचा आवाज आला, बराच वेळ.

ही मात्र हसली नाही. खुर्चीवर बसली. "म्हणजे तुमची खुर्ची तुम्हीच काढून घेतलीत," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि माझा रविवार?"

फोन अजून चालूच होता. टेबलावरून मीच तिला थांबायला सांगत होतो.

३० जून

प्रत्यक्ष ऑफिसला गेलो. फाटकावरचा रखवालदार ओळखीचा. हसला, पण आत सोडेना. नवा नियम, म्हणाला, आधी फोन करून नंबर घ्यायचा. म्हटलं, अरे, फोनवर कुणी माणूसच येत नाही. म्हणाला, माहितेय ना, मीसुद्धा पगाराचं विचारायला त्यालाच फोन करतो. फार समजुतीने बोलतो हो, त्याच्यावर रागावता येत नाही.

साहेबांना चिठ्ठी पाठवता येईल का विचारलं. साहेब बढतीवर दुसऱ्या इमारतीत गेलेत. तिथला फोन नंबर त्याने लिहून दिला. परतताना रस्त्यातच लावून पाहिला. नमस्कार, म्हणालो मीच, पलीकडून.

संध्याकाळी स्टुडिओवाल्याकडे गेलो. ते नऊ नंबरचं वाक्य पुन्हा घालता येईल का, फुकट म्हणून देतो, म्हटलं. तो म्हणाला, कंपनी इतकी समाधानी आहे की आणखी चार कंपन्यांनी हाच आवाज घेतलाय. दादा, तुम्ही आता सगळीकडे आहात.

बिनपगारी रजा आज संपली.

२ जुलै, रविवार. सकाळी

ही ड्यूटीला गेली. डबा मी भरून दिला, टाचेला लावायचं मलम पर्समध्ये ठेवलं. दारात वळून म्हणाली, फोन लागला तर सांगा.

रविवारी ऑफिस बंद असतं, पण यंत्र चालू आहे. चोवीस तास, सातही दिवस. सासरेबुवा खुर्ची ओढून शेजारी बसलेत. स्पीकर लावा म्हणाले, लावला. सुतार आज आलेला नाही, म्हणून अगदी स्वच्छ ऐकू येतंय. आपण रांगेत आहात, असं मी म्हणतोय, फार जीव ओतून म्हणतोय.

थांबलो आहे.